खरा ख्रिस्ती कोण?

आम्हा भावंडांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, डोक्यावर पाणी शिंपडून. धाकट्या भावाने पन्नाशीनंतर दुसऱ्या मंडळीत जाऊन, पाण्यात बुडी मारून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि मला म्हणाला, "ताई, तुझा बाप्तिस्मा खरा नाही." मी चिडले. "म्हणजे आपले आईवडील खोटे ख्रिस्ती होते का रे?" त्यानंतर चार वर्षं आमचं बोलणं नाताळच्या शुभेच्छांपुरतंच राहिलं.

परवा रेव्हरंड टिळकांविषयी वाचताना हे सगळं आठवलं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्रैक्यावरून सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून चांगलाच वाद झाला. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे बाईंना पटेना. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणून आसरा दिला तो याच बाईंनी. त्यातल्या एखादीने तरी विचारलं असेल का, बाई, त्रैक्याबद्दल तुमचं मत काय?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी रविवारच्या शाळेत कितीदा शिकवला! शोमरोन्यांचं उपासनेचं ठिकाण वेगळं, यहुद्यांच्या लेखी ते चुकलेलेच. तरी प्रभूने शेजारी म्हणून दाखवला तो त्यांच्यातलाच. याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. हे मुलांना सांगताना मला भाऊ काही आठवला नाही.

यजमान आजारी पडले तेव्हा तो न बोलावता आला. अकरा रात्री दवाखान्यात सतरंजीवर झोपला. भांडं दिलं, पाय चेपले. बाप्तिस्म्याचा विषय एकदाही काढला नाही. शेवटच्या रात्री त्याने त्याच्या पद्धतीने मोठ्याने प्रार्थना केली, मी हळू आवाजात प्रभूची प्रार्थना म्हटली. यजमान दोन्हींना 'आमेन' म्हणाले.

सिद्धांतांना महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. माझा बाप्तिस्मा खरा आहे असं मला आजही वाटतं, त्याला वाटत नाही. पण खरा ख्रिस्ती कोण, असं कुणी विचारलं तर मी आधी बघेन, तो कुणाच्या उशाशी बसला होता.

असो. हे तो वाचेलच. बाबा रे, नाताळची वाट बघू नकोस, रविवारी जेवायलाच ये.