नकाशात नसलेले बावखल

गेल्या वर्षी प्रायश्चित्तकाळात सायंकाळची मिस्सा आटोपून मी धर्मगुरूनिवासाकडे परतलो, तेव्हा ओसरीवर धर्मग्रामातील एक मुलगी आपल्या वडिलांसह माझी वाट पाहत बसली होती. वास्तुकलेची पदवी घेऊन तिने दोन वर्षे मुंबईत नोकरी केली होती. आता तिला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे होते व त्यासाठी माझे शिफारसपत्र हवे होते.

“विषय कोणता?” मी विचारले.

“शहरांचे शासन आणि शहरांची रचना, फादर.”

वडील वसईच्या वाडीत राबलेला माणूस. ते म्हणाले, “फादर, तुम्हीच हिला समजवा. घरे बांधायला शिकली, तेवढे पुरे नाही का? गाव कसे चालवायचे ते आता कॉलेजात शिकायचे?”

खरे सांगायचे तर त्यांच्यापेक्षा मीच अधिक अस्वस्थ झालो. आमच्या पिढीच्या वसईकराला ‘नियोजन’ हा शब्द कधी गोड लागला नाही. १९९० साली शासनाने वसई-विरार परिसरासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. हिरव्या पट्ट्यावर टोलेजंग इमारती उभ्या राहतील या भीतीने तेव्हा गावेच्या गावे ढवळून निघाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. सेमिनरीच्या सुट्टीत घरी आलो की मीही त्या सभांना जात असे. नियोजनकार म्हणजे वातानुकूलित खोलीत बसून आपल्या वाड्यांवर रेघा ओढणारा परका माणूस, हे चित्र तेव्हापासून माझ्या मनात घट्ट बसले होते. आता आमच्याच वाडीतील मुलगी तो माणूस होऊ पाहत होती!

माझा चेहरा पाहून तिने पिशवीतून अभ्यासक्रमाची काही पत्रके काढली व मेजावर मांडली. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नागरी धोरण व शासन या विषयाचे एम.ए.चे शिक्षण मिळते. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात नागरी रचना शिकवली जाते. एकीकडे कायदा, कर, अर्थसंकल्प, पाणीपुरवठा, झोपडपट्ट्या आणि लोकप्रतिनिधींचे अधिकार. दुसरीकडे रस्ता, चौक, पदपथ, नाला आणि मोकळी जागा यांची आखणी. ती म्हणाली, “फादर, रेघ ओढणारा एक आणि तिच्यावर सही करणारा दुसरा. दोघे एकमेकांची भाषा जाणत नाहीत. मला दोन्ही भाषा शिकायच्या आहेत.”

ही दोन्ही अंगे एकत्र पाहण्याची कल्पना नवीन नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ साली भारतात आला आणि पुढील दहा वर्षांत त्याने येथील अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचा पहिला प्रमुख हाच गेडिस होता. जुनी वस्ती सरसकट पाडू नये. डॉक्टर नाडी पाहतो तसे आधी गल्लीगल्लीतून हिंडावे आणि जेवढे सडले तेवढेच कापावे, असे त्याचे सांगणे होते. इंदूरमध्ये प्लेगचे सावट असताना त्याने दिवाळीची मिरवणूक आखली व जाहीर केले की, जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरूनच ती जाईल. लोकांनी आपणहून घरे झाडली, रंगवली, केरकचरा उपसला. त्याचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. मिरवणुकीचा मार्ग ठरवणे ही रचना झाली आणि लोकांना त्या कामात ओढून घेणे हे शासन झाले. आपल्या सणाच्या मिरवणुकीचा मार्ग ठरवताना आपण असा विचार कधी केला आहे का?

मुलगी बोलत होती. तिने आमच्या भागाच्या एका नकाशाची प्रत पसरली आणि विचारले, “फादर, यात बावखले कुठे दिसतात का?”

मी वाकून पाहिले. सर्व्हे नंबर होते, रस्ते होते, आरक्षणांचे रंग होते. बावखल एकही नव्हते. पूर्वजांनी वाडीवाडीत खणलेले ते खोल जलाशय, ज्यांत पावसाचे पाणी साठे, रहाटाने ज्यांचे पाणी केळीला जाई आणि ज्यांच्यामुळे विहिरी गोड राहत, ते त्या कागदावर कोरी जागा म्हणून उरले होते.

मी गप्प झालो. त्या गप्प राहण्याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही; आज येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. चर्चच्या मागे एक जुने बावखल होते. त्यात शेवाळ माजले होते, डास होत होते आणि लग्नांच्या दिवसांत वाहने उभी करायला जागा पुरत नव्हती. सभेत विषय निघाला. एका वृद्ध गृहस्थाने हळूच म्हटले, “फादर, ते पाणी मग जाईल कुठे?” मी हसून विषय पुढे नेला. पंधरा दिवसांत भराव पडला. माझे कौतुकही झाले.

जुलै २०१८ मध्ये वसईत पाऊस कोसळला. रेल्वे ठप्प झाली, वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. चर्चमागच्या सखल आळीतील घरांत दोन दिवस पाणी होते. कमरेएवढ्या पाण्यातून मी तरुणांसह जेवणाची पाकिटे वाटत फिरलो. एका विधवा बाईने माझा हात धरून “फादर, देव तुमचे भले करो” असे म्हटले. तिचे वर्षाचे तांदूळ भिजून गेले होते. तो पूर केवळ एका बावखलाने आला नाही, हे मला कळते. परंतु तिच्या घरात आलेल्या पाण्यातील काही पाणी माझ्या सहीने आले होते, आणि ते मी तिला सांगितले नाही.

वाईट हेतू नव्हता, अज्ञान होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो, पण पाण्याची वाट कशी वाचावी हे शिकलो नाही. आणि ज्याला ठाऊक होते, त्याचे ऐकले नाही.

या शिक्षणाची गरज केवळ धर्मगुरूंना नव्हे, सर्वांनाच आहे. १ जून १९९३ पासून ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात अठरा विषय आहेत व त्यांतील पहिलाच नगरनियोजनाचा आहे. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद आहे. १९६६ च्या कायद्यानुसार विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत कोणीही नागरिक लेखी हरकत घेऊ शकतो. पण आपण काय करतो? कोणीतरी छापील अर्ज आणतो, आपण न वाचता सही करतो. नकाशा उलगडून आपली आळी शोधणारे किती? २००९ साली स्थापन झालेल्या आपल्या महानगरपालिकेची मुदत २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ येथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. त्या काळात नाल्याविषयी विचारायचे तरी कोणाला, हा प्रश्न रचनेचा नव्हे, शासनाचा होता.

मी त्या रात्री शिफारसपत्र लिहिले. त्यात तिच्या हुशारीविषयी दोनच वाक्ये होती. बाकी लिहिले ते असे: या मुलीने मला एक प्रश्न विचारला, जो मी पूर्वी एकदा हसण्यावारी नेला होता, असे प्रश्न विचारणाऱ्यांना कृपया शिकवा.

तिला प्रवेश मिळाला. वडिलांनी वाडीतील केळीचा घड घेऊन ती बातमी आणली. नाताळच्या सुट्टीत ती घरी येणार आहे. तेव्हा युवकांना बरोबर घेऊन आपल्या गावांतील जिवंत आणि बुजवलेल्या बावखलांची नोंद ती करणार आहे. ज्येष्ठांनी आपल्या आठवणीतील बावखलांची नावे व जागा धर्मग्राम कार्यालयात कळवाव्यात, ही विनंती.

बुजवलेल्यांच्या यादीतील पहिली नोंद मी माझ्या हाताने केली आहे. येत्या रविवारी मी त्या विधवा बाईंच्या घरीही जाणार आहे.