दोन मांड्या, दोन लेकरं: मंगरुळपीर ते जेद्दा

"दोन-दोन लेकरं घेऊन उमराहला जातेस? एक तरी इथं ठेवून जा, बेटा," शेजारच्या खाला म्हणाल्या. त्यांच्या मनात काळजीच होती. पण जुळ्यांच्या आईने ठेवायचं ते कोणतं एक?

आमची थोरली धाकट्यापेक्षा आठ मिनिटांनी मोठी. त्या जानेवारीत दोघं तेवीस महिन्यांची होती. थांबणं शक्य नव्हतं, कारण अम्मींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे दर हिवाळ्यात थोडे अधिक दुखत होते. दुसरं कारण पैशाचं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं आणि परदेशी प्रवासात त्याचं तिकीट साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के पडतं. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते, आणि हे वय परतीच्या दिवशीही मोजतात. आमच्या मुलांचा वाढदिवस फेब्रुवारीत. म्हणजे जानेवारीत जाऊन जानेवारीतच परत यायचं.

लहान मुलांवर उमराह बंधनकारक नाही. पण मुलाला उचलून धरत "याचाही हज होतो का?" असं विचारणाऱ्या मातेला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी होकार दिला होता आणि त्याचं पुण्य तिलाही मिळेल असं सांगितलं होतं, ही हदीस अम्मींनी मला ऐकवली. मग मी कोणाला विचारत बसले नाही.

तयारी दीड महिना चालली. तान्ह्या मुलालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. मेंदूज्वराची लस एक वर्षावरच्या सर्वांना लागते, तीही पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. एका नातेवाईक बाईंनी सल्ला दिला, "सर्दीचं औषध दोन चमचे पाजा, जेद्द्यापर्यंत झोपतील." मुलांच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी कडक शब्दांत मना केलं. एवढ्या लहान मुलांना ते औषध झोपेसाठी द्यायचंच नाही. शिवाय काही मुलं त्याने झोपण्याऐवजी अधिकच चेकाळतात.

आमच्या जिल्ह्यातून मुंबई गाठायची म्हणजे पूर्वी अकोल्याला जाऊन रात्रीची रेल्वे धरायची. आता शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलं की सरळ मुंबईच्या दिशेने. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला. आमच्या वाट्याला त्यातले सुमारे ५०० किलोमीटर आले. पण १२० च्या वेगाने पळणाऱ्या गाडीत मूल मांडीवर धरणं धोक्याचं. म्हणून भावाने ओळखीतून मुलांच्या दोन खुर्च्या मिळवल्या आणि मागच्या सीटवर बांधल्या. दर दोन तासांनी थांबायचं, मुलांना मोकळं पळू द्यायचं, थर्मासमधली मऊ खिचडी भरवायची. सकाळी हरभऱ्याच्या शेतांवर धुकं असताना निघालो ते मगरीबनंतर मुंबईत पोहोचलो.

विमानतळावरच्या तपासणीची मला धास्ती होती, पण ती सोपी गेली. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नेता येत नाही, मात्र लहान मुलाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं नेता येतं. बाटल्या वेगळ्या काढून दाखवल्या की झालं.

खरी अडचण विमानात शिरल्यावर कळली. मी मनात चित्र रंगवलं होतं की आम्ही दोघं शेजारी बसू, एक मूल रडलं की दुसऱ्याने धरायचं. हवाई सेविकेने तिकिटं पाहिली आणि नम्रपणे सांगितलं, "दोन मांडीवरची मुलं एका बाजूला बसवता येणार नाहीत." कारण ऐकलं तेव्हा पटलं. हवेचा दाब अचानक कमी झाला तर वरून ऑक्सिजनचे मास्क खाली येतात. तीन सीटच्या रांगेवर साधारणपणे चार मास्क असतात, म्हणजे सीटपेक्षा एकच जास्त. तिथं दोन तान्ही बसली तर एकाला मास्क मिळणार नाही. तसंच एक मोठा माणूस दोन मुलं मांडीवर घेऊ शकत नाही.

मी थोरलीला घेऊन अम्मींच्या शेजारी बसले. मुलांचे अब्बा धाकट्याला घेऊन चार रांगा मागे गेले.

बहिणींनो, इथं एक कबुली द्यायला हवी. आमच्या घरी मुलांचे अब्बा प्रेमळ आहेत, खेळवतात, फिरवतात. पण मूल झोपवणं, लंगोट बदलणं, रात्री उठणं ही कामं माझी आणि अम्मींची. धाकटा तर माझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. आणि हे मीच चालवून घेतलं होतं. ते उचलायला आले की "राहू द्या, तुम्हाला जमणार नाही" म्हणायची.

विमान उडालं आणि धाकट्याचं रडणं सुरू झालं. पट्टा सोडायची परवानगी नव्हती, उठता येत नव्हतं. मी मान वळवून पाहायची, आणि मी दिसले की तो आणखी जोरात रडायचा. अम्मींनी माझा हात दाबला. म्हणाल्या, "मागं पाहू नको. बाप आहे तो."

पट्ट्याचा दिवा विझल्यावर मुलांचे अब्बा त्याला घेऊन मधल्या वाटेने फेऱ्या मारू लागले. त्यांनी इहराम मुंबईतच बांधला होता. त्या पांढऱ्या चादरीवर धाकट्याने आधी दूध सांडलं, मग बिस्किट चिरडलं. लंगोटही त्यांनीच बदलला, त्या एवढ्याशा स्वच्छतागृहात. पिशवीतले ओले रुमाल मी बिनवासाचे घेतले होते. आपण इहराममध्ये असताना सुगंध चालत नाही आणि लहान मुलांचे बहुतेक रुमाल वासाचे असतात. लेकरं घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट घरूनच लक्षात ठेवावी.

पाऊण तासाने आवाज थांबला. मला वाटलं, थकून झोपला. ते माझ्याजवळून गेले तेव्हा ऐकू आलं. मंगरुळपीरच्या एसटी स्टँडवर हे दोघं रोज संध्याकाळी गाड्या बघायला जातात. तिथल्या गाड्यांची गावं ते त्याच्या कानात हळूहळू म्हणत होते, "शेलूबाजार, महान, बार्शीटाकळी, अकोला... शेलूबाजार, महान, बार्शीटाकळी, अकोला..." धाकट्याच्या मुठीत इहरामचं टोक होतं आणि डोळे मिटत आले होते.

थोरलीने तोवर माझी परीक्षा घेतलीच. दोन छोट्या झाकणाच्या डब्या, चिकटपट्टीचं एक बंडल आणि मुरमुरे यावर तीन तास निघाले. महागडं खेळणं दहा मिनिटांत सीटखाली गेलं. फुटाणे आणि शेंगदाणे मात्र मी नेलेच नव्हते, या वयात ते घशात अडकतात.

मीकात जवळ आल्याची घोषणा झाली. आम्ही नियत केली आणि विमानात लब्बैकचा आवाज उठला. मी मागं पाहिलं. मुलांच्या अब्बांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. खांद्यावरचं पोर उठू नये म्हणून त्यांनी तल्बिया मनातल्या मनात म्हटला होता. अम्मींनीही ते पाहिलं आणि डोळे पुसले.

उतरण्याच्या सुमारे अर्धा तास आधी मुलांना जागं केलं. विमान खाली येताना कानाच्या आतला आणि बाहेरचा दाब वेगळा होतो, म्हणून कान दुखतात. गिळलं की तो सारखा होतो. झोपलेलं मूल कमी गिळतं. थोरलीला मी अंगावर पाजलं. मागे धाकटा बाटलीतून घोट घोट पाणी पीत होता. दोघंही रडली नाहीत, अल्हमदुलिल्लाह. साडेपाच तासांचा प्रवास संपला.

पुन्हा जायचं झालं तर मी काय बदलीन? पैसे साठवून निदान एक सीट जास्त घेईन, मांडीवर तेवीस महिन्यांचं मूल म्हणजे हात भरून येतो. सीट आरक्षित करतानाच जुळ्यांची गोष्ट सांगीन, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. आणि सर्वांत आधी, निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज रात्री एक मूल अब्बांनी झोपवायचं, हे ठरवीन. ते विमानात शिकले. घरी शिकले असते तर धाकट्याचं पाऊण तासाचं रडणं वाचलं असतं.

परत आल्यावर खाला भेटायला आल्या. जमजम घेतलं, खजूर घेतले आणि विचारलं, "कशी सांभाळलीस गं दोघांना?"

"मी एकच सांभाळलं, खाला," मी म्हटलं. आतल्या खोलीतून आवाज येत होता, "शेलूबाजार, महान, बार्शीटाकळी..."