काट्याएवढी जखम, महिनाभराचं आयसीयू

मंडळी, डेंग्यूचे रुग्ण वाढले की आम्हा पत्रकारांना बातमी मिळते. धनुर्वाताची बातमी होत नाही. रुग्ण एकेकटे येतात, तेही बहुतेक शेतकरी-मजूर. म्हणून आज इथे लिहितोय.

धनुर्वात फक्त गंजलेल्या खिळ्याने होतो, हा गैरसमज. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. अनवाणी पायात मोडलेला बाभळीचा काटा, विळ्याने कापलेलं बोट, एवढंही पुरतं. जखमेवर शेण-माती लावली तर विचारूच नका. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात दातखीळ बसते, मान-पाठ ताठरते. मग नुसत्या आवाजानेही झटके येतात.

विष एकदा मज्जातंतूंना चिकटलं की कुठलंच औषध ते सोडवत नाही. इंजेक्शनने निकामी होतं ते फक्त न चिकटलेलं विष. बाकी शरीर सावरेपर्यंत माणूस जगवायचा. शांत खोली, गुंगीची औषधं, गळ्याला छिद्र पाडून नळी, व्हेंटिलेटर. तीन-चार आठवडे, कधी जास्त. त्यात बीपी आता वर, तर घटकेत खाली.

तरी माणसं वाचतात. मुंबईत डॉ. फारुख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १५० रुग्णांचा अनुभव १९८७ मध्ये मांडला. आयसीयूतल्या उपचारांमुळे तीव्र धनुर्वातातले मृत्यू ७० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले होते. ही कमाई रात्रंदिवस देखरेखीची.

आपल्याकडे जळगावला आणि धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पण यावल नाहीतर साक्रीच्या मजुराच्या घरच्यांनी महिनाभर आयसीयूबाहेर बसायचं, म्हणजे एक हंगाम गेलाच समजा.

बायकांना गरोदरपणात लस मिळते. ती लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं, यांमुळे २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. राहिलो आपण चाळिशीपुढचे गडी. परवा कट्ट्यावर विचारलं, "काय भो, शेवटचं टीटी कधी घेतलं?" नऊ जणांत दोघांना आठवलं, तेही गाडीवरून पडले होते म्हणून.

टीटीच्या जागी आता टीडी आलंय. लहानपणीचे डोस पूर्ण असले तरी दर दहा वर्षांनी एक घ्यावा. जखम झाली तर साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हो, धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते. हा आजार एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असं नाही.

आज घरी वडिलांना, शेतावरच्या सालदाराला एवढंच विचारा: शेवटचं इंजेक्शन कधी?