अगत्तीची कासवं

लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती फक्त १० बेटांवर आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यातल्या अगत्तीला गेलो. आम्ही दोघं, अम्मी आणि सातवीतली मुलगी. परवान्यासाठी किती कागद जमवावे लागले, ते सांगत बसत नाही.

फजरनंतर तळाला काच बसवलेल्या होडीतून लगूनमध्ये निघालो. लगून म्हणजे बेट आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधलं उथळ, शांत पाणी. काचेखाली पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. तो प्रवाळ त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो. "म्हणजे आपण किनाऱ्यावर जे तुडवत आलो, ते..." मुलीने वाक्य पुरं केलं नाही. अम्मींना हसू आवरेना.

मग कासवं दिसली. वेळासला आम्ही ऑलिव्ह रिडलेची इवली पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिली होती. पण मीटरभर लांबीचं जडशीळ जनावर शेळीसारखं समुद्रगवत चरताना पहिल्यांदाच पाहिलं. हे हिरवं समुद्री कासव. एक श्वास घ्यायला होडीशेजारीच वर आलं. अम्मी पुटपुटल्या, "सुब्हानल्लाह!"

आम्ही पाच मोजली. नावाडी चाचा मोडक्या हिंदीत म्हणाले, "आधी खूप होती. सगळं गवत खाल्लं, मग दुसऱ्या बेटांकडे गेली." अभ्यासकांनीही हेच नोंदवलं आहे. काचेतून पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी नुसते खुंट उरलेले. या गवतात माशांची पिल्लं वाढतात. गवत गेलं की मासळी घटते, वर कासवांमुळे जाळी फाटतात ती वेगळीच. पूर्वी इथे लाकडी होड्यांना कासवाची चरबी चोळत. आता १९७२च्या कायद्याने कासवाला हात लावता येत नाही.

मुलीने विचारलं, "चाचा, राग येतो का?"

"येतो. पण भूक त्यालाही आहे."

वर्गात आम्ही अन्नसाखळीचे बाण काढतो, गवतापासून मोठ्या माशापर्यंत. त्या चित्रात चाचा कुठेच नसतात.

परतीच्या वाटेवर मेलेल्या प्रवाळाचे राखाडी ढीग लागले. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. पावसाळ्यातल्या लाटा अडवते ती हीच भिंत. तिच्याविषयी चाचा काही बोलले नाहीत.

किनाऱ्याजवळ पुन्हा एक कासव समोर आलं. चाचांनी इंजिन बंद केलं आणि ते बाजूला होईपर्यंत होडी तशीच तरंगू दिली.