अब्बा सौदीला आहेत

लांजा, राजापूर, रत्नागिरीकडच्या आमच्या मोहल्ल्यांत अनेक घरांत बायका, म्हातारी माणसं आणि मुलंच असतात. कर्ता पुरुष कुवेत, दम्माम, दोहा नाहीतर मुंबईला. पूर्वी आमची माणसं जहाजावर खलाशी म्हणून जायची. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची वाट उघडली. तेव्हा बाप लांब असणं आम्हाला नवं नाही.

पण २०१७ नंतर वेगळीच मुलं वर्गात आली. त्या वर्षीच्या जुलैपासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली. दरवर्षी १०० ची वाढ, २०२० मध्ये ४००. बायको आणि तीन मुलं म्हणजे महिना १६०० रियाल. साध्या पगारात हे बसेना, म्हणून बायकामुलं गावी आली. रोज संध्याकाळी बापाबरोबर जेवणारा मुलगा तेराव्या वर्षी अचानक बापाशिवाय झाला. मराठी वाचता येत नाही आणि वर्गातली पोरं 'ए सौदी' म्हणून हाक मारतात. ज्यांनी बाप फक्त सुट्टीवरच पाहिला, त्यांच्यापेक्षा या मुलांना जास्त लागलेलं मी पाहिलं.

घरच्यांचा उपाय ठरलेला: पार्सल. बूट, अत्तर, मोबाईल. मोबाईलने दोन दिवस मान ताठ होते, तिसऱ्या दिवशी उतरते.

बीएडला आत्मसन्मानाची व्याख्या पाठ केली होती. उर्दूतला खुद्दारी हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो, पण मुलांच्या भाषेत प्रश्न एवढाच असतो: माझं कुणाला काही काम आहे का?

हवाईच्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली उभी राहिली. त्यांच्याजवळ निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आईबापच असं नाही, आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक कुणीही. आणि त्यांतल्या अनेकांवर घरातली काही जबाबदारी होती.

हे वाचताना मला सीरत आठवली. वडील जन्माआधीच गेले, सहाव्या वर्षी आई, आठव्या वर्षी आजोबा. मग अबू तालिब चाचांनी सांभाळलं. मिलादच्या तकरिरीत आपण इथे डोळे पुसतो आणि पुढे जातो. मी मुलांना त्यापुढचं सांगतो: हजरत मुहम्मद (स.) यांनी मक्केवाल्यांच्या शेळ्यामेंढ्या राखल्या. यतीम होते, पण बिनकामाचे नव्हते.

माझ्या वर्गात नववीतला एक मुलगा होता. तोंडातून शब्द निघत नसे. दादीकडून कळलं की वीजबिल, गॅसचा नंबर लावणं, तिच्या प्रेशरच्या गोळ्या, बँक, सगळं तोच बघतो. शाळेत स्कॉलरशिपचे फॉर्म आले तेव्हा बँकेच्या कागदांचं काम मी त्याच्याकडे दिलं. आठवड्याभरात पोरं त्याच्या बाकाभोवती उभी राहू लागली. गणितात तो त्यानंतरही नापास झालाच. पण मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभं राहणं थांबलं.

मुलींच्या बाबतीत मात्र जबाबदारी जपून द्यावी लागते. मोठी मुलगी असली की धाकट्यांची ती आईच होऊन बसते. सगळे तिला समजूतदार म्हणतात आणि तिला रडू आलं का, हे कुणी विचारत नाही.

त्या मुलाचे अब्बा फोनवर दोनच गोष्टी विचारत: मार्क किती, नमाज पढतोस का? मी त्यांना कळवलं, घरातलं काहीतरी त्याच्या सल्ल्याने करा. पुढच्या जुम्याला त्यांनी विचारलं, यंदा काजू बी आत्ता घालायची की भावासाठी थांबायचं? दादी सांगत होती, पोरगा पाऊण तास बोलत होता.