रात्रीचा राजा

आमच्या मालवणी मुलखात दशावतारी नटाविषयी एक म्हण आहे : ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’ म्हणीत थट्टा आहे खरी; परंतु मला तीत थोडे शहाणपणही दिसते. जत्रेच्या रात्री हा नट आरशात पाहून आपल्याच हाताने तोंडाला रंग लावतो आणि लिखित संहितेवाचून पहाटेपर्यंत राजा म्हणून बोलतो, नाही तर लुगडे नेसून राणी होतो. उजाडले की रंग पुसून पूर्वी तो पेटारा डोक्यावर घेई व पुढच्या गावची वाट धरी. आता बोजा वाहण्यास गाडी आली, इतकेच. राजा कोठे संपला आणि आपण कोठे उरलो, याविषयी त्याच्या मनात संदेह नसतो.

मोबाइलने हल्ली आपणा सर्वांनाच नट केले आहे. मात्र रंगपटाची किल्ली त्याने स्वतःपाशी ठेवली आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने तारकर्लीच्या किनाऱ्यावर काढलेल्या आपल्या सेल्फी पाहून नाकावर शस्त्रक्रिया करून घेण्याचे मनात आणले होते. खर्चाचा अंदाजही काढून झाला होता! मी तिला एक साधे गणित सांगितले. २०१८ साली अमेरिकेतील काही वैद्यांनी दाखवून दिले, की चेहऱ्यापासून एक फुटावर कॅमेरा धरला, तर पाच फुटांवरून दिसते त्यापेक्षा नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. मौज अशी की, आधी यंत्राने नाक वाढवावयाचे, मग ‘फिल्टर’ने ते घटवून कांतीही उजळावयाची, आणि अखेर माणसाने त्या प्रतिमेबरहुकूम स्वतःचा चेहरा कापून घ्यावयाचा!

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पण सर, मला पाहणारे बहुतेक लोक फोनमध्येच पाहतात.”

या एका वाक्यात सारे दुखणे आहे. दशावतारी राजाला त्याच्या गावाने शेतावर, बाजारात, उघड्या तोंडाने पाहिलेले असते. म्हणून त्याला रंगाचे भय नाही. आपल्याला मुखवट्याने जितके बिघडवले नाही, तितके उघडा चेहरा ओळखणारी माणसे कमी झाल्याने बिघडवले आहे. त्या वैद्यांचे पाच फूट म्हणजे तरी काय? ओसरीवर समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन माणसांमधले अंतर, इतकेच. शस्त्रक्रियेचा निर्णय तिचा तिने घ्यावा. पण तत्पूर्वी तेवढ्या अंतरावरून तिच्याकडे पाहणाऱ्या चार माणसांना तिने विचारावे, एवढेच मी तिला सुचविले आहे.