हेझ ते सोहो

लंडनच्या पॅडिंग्टनहून पश्चिमेला निघालेली गाडी थोड्याच वेळात हेझला पोचते. ब्लाइथ रोडवर काँक्रीटच्या लांबलचक इमारती लागतात. 1907 साली गायिका नेली मेल्बा यांनी इथे ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्याची कोनशिला बसवली. आपल्या एचएमव्हीचं हे माहेर. आता तिथे घरं आणि कचेऱ्या आहेत, 'द ओल्ड विनाइल फॅक्टरी' हे नाव तेवढं टिकून आहे. जून 1970 मध्ये आलेल्या 'डीप पर्पल इन रॉक' या अल्बमच्या ब्रिटिश तबकड्या इथेच छापल्या गेल्या. हार्ड रॉकची जुनी प्रेसिंग्ज जमवणाऱ्यांनी हेझ पाहावंच, असं मला वाटतं. गाण्यांबरोबर ते एका काळाची, काही नेमक्या हातांची कारागिरीही जपत असतात आणि तिचा पुरावा तबकडीवरच असतो. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून ती कितव्या कटिंगची, म्हणजे खाचा कितव्यांदा कापल्या तेव्हाची, आहे ते कळतं. स्टँपरच्या, म्हणजे तबकडी छापणाऱ्या साच्याच्या, क्रमांकासाठी ईएमआयने (ग्रामोफोन कंपनीच पुढे ईएमआयमध्ये सामील झाली) 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातली इंग्रजी अक्षरं घेतली होती: जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, डी म्हणजे शून्य.

ही अक्षरं कानाला ऐकू येतात का, असं कुणी विचारेल. स्टँपरमधला फरक बहुधा ऐकू येत नाही, हे मान्य. कटिंगमधला मात्र येतो. 1969 च्या 'लेड झेपेलिन 2'साठी अमेरिकेत इंजिनिअर बॉब (रॉबर्ट) लडविग यांनी खाचा इतक्या जोरकस कापल्या, की स्वस्त प्लेअरवर सुई उडू लागली. तिथल्या रेकॉर्ड कंपनीने मग सौम्य कटिंग करून घेतलं. टेप तीच, अल्बम तोच, पण ढोल आणि बास यांचा दणका वेगळा. म्हणून 'आरएल' ही आद्याक्षरं असलेली प्रत लोक आजही शोधतात. मूळ टेपवरून केलेलं नवं रीमास्टर अधिक स्वच्छ असतं, हा दुसरा आक्षेपही खरा. पण आवाज किती चढवायचा, बास किती ठेवायचा, हे तिथेही एक माणूसच ठरवतो, तेही कित्येक दशकं जुन्या झालेल्या टेपवर आणि आजच्या कानाने. 1970 च्या श्रोत्याच्या घरी काय वाजलं, हे रीमास्टरला सांगता येत नाही.

सोहोतल्या बर्विक स्ट्रीटवरच्या दुकानांत हा हिशेब पैशांत मांडलेला दिसतो, आणि तिथे माझं मत थोडं कडक होतं. पहिलं प्रेसिंग असूनही खाचा झिजलेल्या प्रतीला मोठी किंमत देणं मला पटत नाही; झिजेबरोबर ती कारागिरीही पुसली जाते. कव्हर फाटकं चालेल. तबकडी उजेडाखाली तिरकी धरून आधी खाचा पाहाव्यात, मग कोरा पट्टा, आणि किंमत सगळ्यात शेवटी.